तोफगोळ्यांच्या पेटीत सात वह्या

हिरव्या रंगाची, दोन्ही बाजूंना दोराच्या कड्या असलेली, हलक्या लाकडाची एक पेटी आहे मी, मित्रांनो. वय विचाराल तर तिशी उलटली. तोफेचे चार गोळे मावतील एवढे माझे पोट आहे आणि चार गोळे नेण्यासाठीच मला बनवले होते. माझ्या अंगावरचे पांढरे आकडे पाहून आमच्या शेजारच्या काकांनी एकदा विचारले, "यात काय असायचं हो?" घरातून उत्तर गेले, "दारूगोळा." काकांना फक्त पहिली दोन अक्षरे ऐकू आली. तेव्हापासून ते माझ्याकडे जरा आदराने पाहतात.

ज्या कारखान्यात मी जन्मले, तिथे दिवसाला तीनशे पेट्या तयार व्हायच्या. एक बाई फळ्यांना खिळे ठोकायची, दुसरी दोर ओवायची, तिसरी पत्र्याच्या साच्यावरून आकडे रंगवायची. मी आयुष्यात एकदाच गोळे नेले. ते चारही सरावाच्या मैदानावर एका टेकडीवर फुटले. टेकडीने कोणाचे काही बिघडवले नव्हते. परत येताना मी मालगाडीतून पडले, माझी कडी वाकली, आणि कोठाराच्या हवालदाराने माझ्यावर 'निकामी' असा शिक्का मारला. दोन वर्षे मी कोठाराच्या मागच्या भिंतीशी पडून होते.

मग एके दिवशी दुपारी एक शिपाई आला. चोवीस वर्षांचा, हडकुळा, कानांवर बिनतारी यंत्राच्या हेडफोनचे वळ उमटलेले. संदेश घेणे आणि पाठवणे हे त्याचे काम होते.

"बसायला स्टूल हवंय का?" हवालदाराने विचारले.

"नाही. वह्या ठेवायला काहीतरी हवंय. ट्रंकेत कपड्यांची ओल लागते, शाई पसरते."

"कसल्या वह्या?"

"गोष्टींच्या."

"कोणाच्या गोष्टी?"

"माझ्याच. मी लिहितो."

त्याने खाटेखाली घोडा पाळला आहे असे सांगितले असते, तरी हवालदाराने त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले नसते. "ती निकामी पेटी घेऊन जा," तो म्हणाला. "उंदीर लागले तर माझ्याकडे यायचं नाही."

अशी मी त्याची झाले. तो शाळेत असल्यापासून लिहायचा. पलटणीत गेल्यावर हे खूळ उतरेल, असे घरच्यांना वाटले होते. उतरले नाही. पलटणीत लोकांनी त्याचे नाव 'कादंबरी' ठेवले. व्याकरणाने कादंबरी ती असते. आमच्या तुकडीत कादंबरी तो होता, आणि दाढी करताना शीळ घालायचा.

लिहिण्यासाठी त्याच्याकडे किती वेळ असायचा, ते सांगते. पहाटे धावणे, मग कवायत, मग सहा तासांची ड्यूटी, मग बूट, बंदूक, कपडे. जेवण आणि दुपारची हजेरी यांच्यामध्ये पंचवीस मिनिटे उरायची. बाकीचे तेव्हा आडवे व्हायचे. हा खाटेच्या कडेवर बसायचा, मला दोन्ही गुडघ्यांमध्ये घ्यायचा आणि माझ्या झाकणावर वही ठेवून लिहायचा. कधी अर्धे पान व्हायचे, कधी चार ओळी. एखाद्या दिवशी तो एकच ओळ लिहायचा, खोडायचा आणि हजेरीला जायचा.

त्याच्या कामाचा त्याच्या लिहिण्यावर परिणाम झाला, हे मी पानागणिक पाहिले. बिनतारी संदेशात जास्तीचा शब्द कोणालाच नको असतो. पहिल्या वहीत त्याने लिहिले होते, 'अस्ताचलाला टेकलेल्या रविराजाच्या सोनेरी किरणांनी अवघी सृष्टी न्हाऊन निघाली.' तिसऱ्या वहीत तसाच प्रसंग आला तेव्हा त्याने लिहिले, 'सूर्य मावळला.'

सुट्टीवर जाताना तो वह्या बरोबर न्यायचा. त्याची बायको एका छापखान्यात मुद्रिते तपासायची. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून घरी आली, तरी तिचा हात थांबायचा नाही. त्याच्या वह्यांवर ती लाल पेनाने खुणा करायची. एका गोष्टीखाली तिने लिहिले होते, 'आवडली. पान चारवर वारलेले आजोबा पान नऊवर चहा पीत आहेत. बघा जरा.' तो परत आला की त्या लाल खुणा पुन्हा पुन्हा वाचायचा. मला वाटते, तिची पत्रे त्याने इतक्या वेळा वाचली नसतील.

आता एक वाईट दिवस सांगायला हवा. तो वगळला, तर मी त्याची खोटी स्तुती केल्यासारखे होईल.

बिनतारीच्या खोलीतली खुर्ची मोडली होती, म्हणून काही दिवस तो माझ्यावर बसून ड्यूटी करत असे. त्या दुपारी यंत्र शांत होते. एक गोष्ट अगदी शेवटाला आली होती. त्याने वही मांडीवर घेतली आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवला. एकच वाक्य लिहायचे होते. त्याची तीन झाली. तेवढ्यात टेबलावरचा हेडफोन कुजबुजू लागला होता, पण त्याला तो ऐकू आला नाही.

बाहेर गेलेली गस्तीची तुकडी नदीच्या पुलापाशी उभी होती. पुढे जायचे की मागे फिरायचे, हे ती विचारत होती. तिला उत्तर मिळाले चार मिनिटांनी.

काही झाले नाही. पण पूल उघड्यावर होता आणि काहीही होऊ शकले असते. तुकडी परतल्यावर तिचे प्रमुख, आमचे सुभेदारसाहेब, ओल्या कपड्यांनिशी खोलीत आले. ते ओरडले नाहीत.

"चार मिनिटं," ते म्हणाले. "त्या चार मिनिटांत मी माझ्या माणसांना काय सांगत होतो, माहितीये? घाबरू नका, यंत्रावर कादंबरी आहे, तो ऐकेल."

त्याला सात दिवसांची शिक्षा झाली. पाठीवर वजन घेऊन मैदानाला फेऱ्या. ती त्याने निमूटपणे भोगली. त्यानंतर त्याने कानाला खडा लावला, माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला 'ड्यूटीवर वही नाही' असे पेन्सिलीने लिहिले आणि मला खाटेखाली सरकवले. मग ड्यूटीवरच काय, एरवीही वही निघेना. पाच महिने माझ्यावर बूट ठेवले जात होते.

त्याला पुन्हा लिहिते केले ते आचाऱ्याने. हा आचारी गोल चेहऱ्याचा, नाकात बोलणारा, आणि भलताच चिवट माणूस होता. एका गोष्टीचा अर्धा भाग त्याने कादंबरीकडून ऐकला होता. त्यात शेवटच्या फेरीच्या बसमध्ये एक मुलगी झोपून राहते. आचारी ताटात वाढताना रोज विचारायचा, "ती मुलगी उठली का रे?" कादंबरी मान हलवायचा. पुढच्या दिवशी पुन्हा तेच. पाच महिन्यांत आचाऱ्याने हे दीडशे वेळा तरी विचारले असेल. शेवटी कादंबरी वैतागून म्हणाला, "उठेल उद्या." आणि त्या दुपारी त्याने मला बाहेर ओढले, बूट बाजूला केले आणि मुलीला उठवले.

त्यानंतर दोन वर्षांनी आम्ही उंचावरच्या चौकीवर गेलो. नऊ माणसे, पाच महिने बर्फ, आणि प्रमुख तेच सुभेदारसाहेब. मी खेचराच्या पाठीवरून गेले. माझ्या पोटात वह्या होत्या. चौकीच्या दाराशी सामान उतरवताना साहेबांनी झाकण उघडले.

"हे काय?"

"वह्या, साहेब."

"किती?"

"सात."

साहेबांनी झाकण पुन्हा मिटले. "वजन खेचराने वाहिलंय, मी नाही," ते म्हणाले. "ड्यूटीवर दिसल्या तर दरीत जातील."

ड्यूटीवर त्या कधीच दिसल्या नाहीत. दुपारच्या जेवणानंतर मात्र आचाऱ्याच्या आग्रहाने वाचन सुरू झाले. रोज चार-पाच पाने. चौकीत बायका नव्हत्या, पोरे नव्हती, वर्तमानपत्र नव्हते. तेव्हा त्या गोष्टींतली माणसेच शेजारीपाजारी झाली. चौकीचा मेकॅनिक एका गोष्टीतल्या घरमालकावर इतका चिडला, की दोन दिवस त्याचे नाव निघाले तरी थुंकायचा. सुभेदारसाहेब या बैठकीत नसायचे. ते कोपऱ्यात, आमच्याकडे पाठ करून, नोंदवही तपासत बसायचे. वाचन चालू असेपर्यंत त्यांच्या नोंदवहीचे पान उलटायचे नाही, हे फक्त माझ्या लक्षात आले होते, कारण मी जमिनीवर होते आणि मला खालून दिसायचे.

चौथ्या महिन्यात वादळ आले. तिसऱ्या दिवशी सकाळी आचारी रॉकेल आणायला गेला आणि रिकामा डबा घेऊन परत आला. थंडीने पिंपाला चीर गेली होती. रॉकेल बर्फात मुरून गेले होते. बिनतारीवरून खाली कळवले, तेव्हा उत्तर आले की वादळ थांबल्याशिवाय कोणी वर येऊ शकत नाही. पाच दिवस, कदाचित सहा.

पहिल्या दिवशी शिध्याचे खोके जाळले. दुसऱ्या दिवशी बाक आणि दाराची एक फळी. लाकूड दमट होते, धूर भरपूर आणि आग नावाला. आणि त्यातच दुसरे संकट आले. थंडीने बिनतारीच्या बॅटऱ्या उतरायला लागल्या. यंत्र बंद पडले, तर खालच्यांना आमचा पत्ता लागणार नव्हता. बॅटऱ्या जमिनीपासून उंच, कोरड्या आणि उबेत ठेवायला हव्या होत्या. म्हणजे ब्लँकेटात गुंडाळून एखाद्या पेटीत, शेगडीच्या जवळ. पेट्या सगळ्या जळल्या होत्या. मी एकटी उरले होते.

कादंबरीने माझ्यातून सातही वह्या काढून खाटेवर ठेवल्या आणि बॅटऱ्या आत ठेवल्या. मग त्याने माझ्या झाकणाच्या बिजागऱ्या उचकटल्या. झाकण कोरडे होते, चांगले पेटणार होते. ते पेटवायला कागद हवा होता.

हे मला नीट सांगू द्या. नंतर ही हकिकत लोकांनी तिखटमीठ लावून सांगितली आणि साहेबांनी हुकूम दिला असे म्हटले. साहेबांनी हुकूम दिला नाही. ते वह्यांकडे पाहतही नव्हते. कादंबरीने स्वतःच पहिली वही उचलली.

"हीच आधी," आचारी म्हणाला. "तशीही ही वाईटच होती."

कादंबरी हसला. त्या आठवड्यात तिथे कोणी हसल्याचे मला तेवढे एकदाच आठवते. रविराजाची सोनेरी किरणे पहिली गेली.

पाने फाडून शेगडीत घालायचे काम मेकॅनिककडे होते. तो प्रत्येक पान आत टाकण्याआधी थांबायचा.

"टाक ना," कोणीतरी म्हणाले.

"एक मिनिट. हे पान माझ्याकडून राहिलं होतं."

"मग मोठ्याने वाच," कोपऱ्यातून साहेबांचा आवाज आला. "सगळ्यांचंच राहिलंय."

अशा रीतीने तीन दिवस मेकॅनिक एकेक पान वाचून जाळत राहिला. थंडी फारच वाढली, तेव्हा वाचायला वेळ मिळेना. मग पाने नुसतीच गेली. लाल खुणाही गेल्या. पाचव्या दिवशी दुपारी सातव्या वहीचा पुठ्ठा गेला. आचाऱ्याच्या डाव्या पायाची दोन बोटे काळी पडली होती. बॅटऱ्या मात्र माझ्या पोटात जिवंत होत्या, आणि दर दोन तासांनी कादंबरी खाली संदेश पाठवत होता.

त्या दुपारी जेवणाच्या नावाखाली जे काही होते ते खाऊन झाले आणि सगळे सवयीने त्याच्याकडे तोंड करून बसले. मग लक्षात आल्यावर एकेकाने नजर वळवली.

"आज काय वाचणार?" साहेबांनी विचारले. कादंबरीकडे त्यांनी गोष्ट अशी पहिल्यांदाच मागितली.

"काही उरलं नाही, साहेब."

"मग सांग."

"आठवत नाही. खरंच नाही आठवत. पहिलं वाक्यसुद्धा नाही."

साहेबांनी नोंदवही मिटली. त्यांची पाठ अजून आमच्याकडेच होती. ते म्हणाले, "'पुलाचा रखवालदार वारला त्या दिवशीही पूल उघडा होता, कारण बंद करणारा तोच होता.'"

कादंबरीचे तोंड थोडे उघडे राहिले होते. ते त्याचेच वाक्य होते, शब्दाला शब्द.

"पुढे?" साहेब म्हणाले.

"पुढे त्याची बहीण येते," मेकॅनिक म्हणाला.

"बहीण नाही, वहिनी," आचारी म्हणाला. "बहीण त्या घरमालकाच्या गोष्टीत."

मग जे भांडण लागले, ते मला शब्दांत सांगता येणार नाही. आठ जण एकाच वेळी बोलत होते. कोणी म्हणे बसमधली मुलगी गाव सोडून जाते, कोणी म्हणे थांबते. कादंबरी सुरुवातीला नुसता ऐकत राहिला, मग डोळे पुसत म्हणाला, "थांबा, थांबा, एकेक जण," आणि संदेश लिहायच्या कागदाच्या मागे काहीतरी टिपायला लागला. काही क्षणांनी तो थबकला आणि त्याने साहेबांकडे पाहिले. तो सरकारी कागद होता, आणि त्याची ड्यूटी सुरू व्हायला दहा मिनिटे होती.

"दहा मिनिटं आहेत," साहेब म्हणाले. "लिही."

सहाव्या दिवशी वादळ ओसरले आणि खालची माणसे वर पोचली. आचाऱ्याची दोन बोटे कापावी लागली. तो म्हणाला, "आठ उरलीत. मोजायला सोपी." पलटणीत परतल्यावर मेकॅनिकने मला प्लायवुडचे नवे झाकण बसवले. ते माझ्या अंगापेक्षा बोटभर मोठे आहे, पण त्याने मनापासून बसवले, म्हणून मी कधी तक्रार केली नाही.

पुढची दोन वर्षे कादंबरी रोज पंचवीस मिनिटे आठवून आठवून लिहीत होता. जळालेल्या एकतीस गोष्टींपैकी तेवीस परत आल्या. आठ आल्या नाहीत. त्या आठ सातव्या वहीत होत्या; ती त्याने कोणालाच, अगदी बायकोलाही, दाखवली नव्हती, आणि ती न वाचताच जळाली होती. त्या त्याच्या स्वतःविषयी होत्या आणि त्याला संकोच वाटत असे. वाचल्या असत्या, तर कोणाच्या तरी डोक्यात राहिल्या असत्या. वहीपेक्षा माणसाचे डोके कमी जळते, एवढे मी तेव्हा शिकले.

सुट्टीत बायकोने नव्या वह्या वाचल्या. लाल पेन हातातच होते, पण बराच वेळ ते टेकले नाही. एका गोष्टीपाशी ती थांबली.

"या शेवटाला कोणी हात लावलाय?"

"आचाऱ्याने," तो म्हणाला. "त्याला तसाच आठवत होता. माझा वेगळा होता."

"तुमचा राहू द्या. हाच ठेवा."

त्या तेवीस गोष्टी पुढे तिच्याच छापखान्यात छापून निघाल्या. पुस्तक बारीकसे होते. नऊ प्रती चौकीच्या नऊ माणसांसाठी बाजूला काढल्या होत्या.

बावीस वर्षांची नोकरी संपवून तो घरी आला, तेव्हा मीही आले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. मुलीने त्याच्यासाठी खिडकीशी टेबल मांडले, त्यावर दिवा आणि फिरती खुर्ची. "आता बाबा दिवसभर लिहिणार," ती म्हणाली. मला गॅलरीत ठेवले. आधी माझ्यात बटाटे होते, मग चपला.

तो दिवसभर टेबलाशी बसायचा. खिडकीतून बघायचा, पेन्सिलीला टोक काढायचा, खाली जाऊन दूध आणायचा. वेळ भरपूर होता आणि त्याचे लिहिणे बंद पडले होते. दहा महिन्यांत एकही ओळ झाली नाही. विचारले की म्हणायचा, "निवांतपणा मिळू दे जरा." बायको हे ऐकून भाजी जरा जोरात चिरायची.

मग एके दिवशी फोन आला. सुभेदारसाहेबांचा. ते आता मुलाकडे, आमच्यापासून तीन रस्ते पलीकडे राहायला आले होते. त्यांचे डोळे गेले होते.

"दुपारी जेवल्यावर मला काही काम नसतं," ते म्हणाले. "वाचून दाखवायला ये."

"पुस्तक घेऊन येतो, साहेब."

"पुस्तक मला पाठ आहे. नवीन आण."

"नवीन काहीच नाही हो."

"मग मंगळवारी ये. तोवर होईल."

त्याने फोन ठेवला. मग तो गॅलरीत आला, माझ्यातल्या चपला काढल्या, मला फडक्याने पुसले आणि आत नेऊन पलंगाच्या कडेशी ठेवले.

"बाबा, टेबल आहे ना?" मुलगी म्हणाली.

"छान आहे टेबल. तू अभ्यास कर त्यावर."

स्वयंपाकघरातून बायकोने घड्याळाकडे पाहिले. "बरोबर पंचवीस मिनिटं," ती म्हणाली. "मग पिठाचा डबा घेऊन गिरणीत जायचंय तुम्हाला."

त्या मंगळवारी त्याची दोन पाने झाली होती. साहेबांनी ती ऐकली. आवडली की नाही ते त्यांनी सांगितले नाही. "पुढच्या मंगळवारी किती वाजता?" एवढेच विचारले. ही गोष्ट सहा वर्षांपूर्वीची. त्या आठ हरवलेल्या गोष्टींपैकी पाच आता लिहून झाल्या आहेत, आणि वाचूनही.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी लिहीत असेल, चित्र काढत असेल, पेटी वाजवत असेल, तर त्याला फिरती खुर्ची आणून देऊ नका. त्याला वार सांगा. त्या वारी हातातले काम ठेवून समोर बसा आणि ऐका. आणि लिहिणारे तुम्हीच असाल, तर निवांतपणाची वाट पाहू नका. मी तो दहा महिने जवळून पाहिला आहे, त्यात काही उगवत नाही. माझी काळजी घ्यायची असेल, तर मला तेलपाणी नको. फक्त माझ्यावर बूट ठेवू नका.

आता मी थांबते. आज सोमवार आहे, त्याचे दीड पान अजून व्हायचे आहे, आणि तो वही घेऊन आला आहे.